झाकलेलं दुखणं

मंगळवार पेठेत झुंबरबाईंचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. गल्लीच्या या टोकाला त्यांनी हाक दिली, की त्या टोकाचा दूधवाला थांबायचा. तो आवाज गेल्या वर्षी बसला, तो बसलाच. काढे झाले, गुळण्या झाल्या. घोट गिळताना कानापर्यंत कळ जाऊ लागली, तेव्हा त्यांनी दवाखान्याचं नाव काढलं. नवरा कृष्णात तसा वाईट माणूस नव्हता; पण लेक संयोगिता हिची सोयरीक जयसिंगपूरला जुळत होती.

"गळ्याचं काय निघालं तर पावणं उठून जातील. लगीन होऊ दे, मग बघू की," तो म्हणाला.

झुंबरबाईंनाही ते पटलं. लेकीला त्यांनी कळ कळू दिली नाही. साखरपुड्यात त्या पदराआड खोकत बसल्या. पुढं चार पायऱ्या चढल्या तरी श्वास घरघरू लागला, तेव्हा संयोगितानंच त्यांना बळं तपासायला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी स्कॅन बघून स्पष्ट सांगितलं. स्वरयंत्रातला कॅन्सर कूर्चा फोडून बाहेर पडला होता आणि शेजारच्या थायरॉइड ग्रंथीत शिरला होता. आता स्वरयंत्र पूर्ण काढायचं, त्याच्याबरोबर ग्रंथीही आणि मानेतल्या गाठीही. श्वास जन्मभर गळ्याच्या छिद्रातून. आवाज बसला तेव्हाच आला असतात तर कदाचित नुसत्या किरणोपचारावर भागलं असतं, असंही त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर कृष्णातनं पुन्हा लग्नाचंच काढलं. तेवढा महिना कळ काढ म्हणाला. झुंबरबाईंनी फोन उचलून जयसिंगपूरच्या विहीणबाईंना लावला आणि त्या फाटक्या आवाजात सांगितलं, "मला कॅन्सर हाय. आमी झाकलंतं, ते चुकलं. पोरीला ह्यातलं ठावं न्हवतं."

विहीणबाई काळजी घ्या म्हणाल्या. नंतर तिकडून फोन आलाच नाही.

आईनं न विचारता आपलं लग्न मोडलं, म्हणून संयोगिता रुसली. आईचा आवाज जेवढे दिवस शिल्लक होता, तेवढे दिवस ती तिच्याशी बोलली नाही. राग निवळून ती दवाखान्यात गेली, तेव्हा श्वास अडकल्यामुळं घाईनं गळ्यात नळी घातलेली होती. आई ओठ हलवत होती. शब्द उमटत नव्हता. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

झुंबरबाई वाचल्या. घरी आल्यावर शेजारणी दारातूनच विचारपूस करू लागल्या. चहा नको म्हणू लागल्या.

दिवाळीनंतर हुपरीहून संयोगिताला बघायला पाहुणे आले. कृष्णातनं बायकोला आतल्या खोलीत बसवून दार लोटून घेतलं. संयोगितानं पोह्यांचं ताट खाली ठेवलं, आत जाऊन आईला हाताला धरून बाहेर आणलं आणि पाहुण्यांसमोर बसवलं. गळ्यावरचा रुमाल कफानं भिजला होता. तो तिनं सगळ्यांदेखत बदलला.

"ही माझी आई," ती म्हणाली. "माझ्या लग्नासाठी हिचं दुखणं झाकलं, म्हणून हिचा आवाज गेला. आता काय विचारायचं ते विचारा."

पोह्यांचं ताट तसंच पडून राहिलं. कृष्णात जमिनीकडं बघत राहिला. झुंबरबाईंच्या गळ्यातून श्वास ये-जा करत होता, आणि तो सगळ्यांना ऐकावा लागत होता.