शांततेची पाटी आणि सात ढोल

मित्रांनो, जगात आजवर जेवढे थोर विचार झाले, ते सगळे शांततेत झाले. शांतता नसती तर ग्रंथ नसते, शास्त्रं नसती, आणि माणूस अजून झाडावर बसून शेजाऱ्याला फळं फेकून मारत असता. त्या शांततेचं रक्षण करण्यासाठी माझा जन्म झाला. मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. माझ्यावर 'शांतता राखा' असं लिहिलं आहे आणि उभ्या आयुष्यात माझं कुणीही ऐकलेलं नाही.

मला रंगवणारा पेंटर स्वतः अखंड बोलत असे. समोर कुणी नसलं तर ब्रशशी बोले. शब्द दोनच आणि पत्रा ऐसपैस, म्हणून उरलेल्या जागेत त्याने आपल्या मनाने एक चेहरा काढला. ओठांवर बोट ठेवलेला गृहस्थ काढायचा बेत होता. बोट जरा वर सरकलं आणि गाल जरा सुजला. मला एका वाचनालयाच्या वाचनखोलीत, मागच्या भिंतीवर लावलं, त्याच दिवशी एक वाचक शेजाऱ्याला म्हणाला, "याची दाढ दुखतेय, की हा नाक कोरतोय?" शेजारी हसला. मग दोघांचा त्यावर वाद झाला. पुढच्या बावीस वर्षांत त्या खोलीत जो काही गोंगाट झाला, त्यातला निम्मा माझ्यामुळे झाला, हे मी नम्रपणे नमूद करते.

खरी शांतता राखायच्या त्या ग्रंथपालबाई. त्यांचं टेबल माझ्या बरोबर खाली होतं. बाई चष्म्यावरून नुसतं बघायच्या आणि लोकांचे खोकले घशातल्या घशात विरून जायचे. वाचक त्यांना पाठीमागे 'कुलूप' म्हणत. अर्थात अगदी हळू आवाजात.

पण मला एक गुपित ठाऊक होतं. दुपारी खोली रिकामी झाली, की फाटक्या पुस्तकांना खळ लावताना बाई गुणगुणायच्या. गाणं मात्र विचित्र होतं. एक ओळ म्हणायच्या, मग ओळीएवढा वेळ गप्प. पुन्हा एक ओळ, पुन्हा गप्प.

'वाटेत झाड उभं होतं, त्याला तहान लागली.'

गप्प.

'कुणी यायचंय अजून बाई, तेल राखून ठेवलं.'

गप्प.

मित्रांनो, ही तर उत्तरं झाली. प्रश्न कुठे होते? भिंतीवर लटकल्या लटकल्या मी स्वतःच प्रश्न बनवून पाहिले. एकही बसेना. पाटीला बोलायची हौस नसते, पण ऐकायची असू शकते. मला ते प्रश्न ऐकायचे होते. बाकी काही नको होतं.

एकदा शिपाईमामांनी विचारलंच. "बाई, गाणं अर्धंच का म्हणता?"

"अर्धंच माझं आहे, मामा. उरलेलं माझ्या ताईचं."

मग खळीत बोट फिरवत बाईंनी सांगितलं. दोघी बहिणी भांडी घासताना हे गाणं म्हणायच्या. ताई विचारायची, बाई उत्तर द्यायच्या. पुढे ताई गाणाऱ्यांच्या एका ताफ्याबरोबर निघाली. 'तूही चल' म्हणाली. वडील अंथरुणाला खिळलेले. बाई 'नाही' म्हणाल्या. "मग बस गप्प!" असं म्हणून ताई दार आपटून गेली.

"मग?" मामांनी विचारलं.

"मग काय, बसले," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं झाली. नोकरीसुद्धा तसलीच मिळाली."

अशात वाचनालयाला पन्नास वर्षं पूर्ण झाली. अध्यक्षांनी लोकसंगीताचा कार्यक्रम ठरवला. "आपल्याला शोभेल असं सौम्य काहीतरी," ते म्हणाले. "एखादी बासरी, एखादा म्हातारा. ज्यांना वाचायचंय ते मागे बसून वाचूही शकतील."

कार्यक्रमाची जाहिरात छापून आली. तिच्यावर पांढऱ्या केसांची एक बाई तोंड उघडून गात होती. ग्रंथपालबाईंनी तो कागद बराच वेळ हातात धरला. मग स्वतः दारावर चिकटवला. वाकडा चिकटला. त्यांच्या हातून कागद वाकडा चिकटलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"ओळखीच्या?" मामांनी विचारलं.

"ताई आहे माझी. मी काही थांबणार नाही, मामा. किल्ली तुमच्याकडे ठेवा."

"माझ्याकडे नको. मी हरवतो, म्हणून तर तुमच्याकडे असते."

"मग मी अगदी मागे बसेन. तिला दिसायचं नाही मला."

अशा रीतीने किल्लीच्या जोरावर बाई थांबल्या. संध्याकाळी सहा वाजता शेवटच्या रांगेत, माझ्या बरोबर खाली त्यांची खुर्ची होती. शेजारी एक वाचक अध्यक्षांवर विश्वास ठेवून पुस्तक घेऊन आला होता.

आधी दोन स्पीकर आत आले. ते पाहून मामा म्हणाले, "कपाटं मागच्या खोलीत ठेवा, पुस्तकं उद्या लावू." मग ढोल आले. एक, दोन करता करता सात. म्हातारा कुठेच नव्हता. पहिली थाप पडली आणि भिंतीतल्या फळ्यांवर उरलेल्या पुस्तकांनी पन्नास वर्षांची धूळ एकदम सोडली. अध्यक्षांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि चेहरा रसिकाचा ठेवला. शेजारच्या वाचकाने तीन वेळा तेच पान वाचलं आणि पुस्तक मिटलं.

मग माईकपाशी उभ्या ताईंनी गाण्यातून विचारलं:

'घागर भरून निघालीस बाई, रिकामी गं कशी आली?'

मित्रांनो, माझा पत्रा शहारला. हाच तो प्रश्न! झाडाला तहान लागली, म्हणून घागर रिकामी! मी उत्तराची वाट पाहू लागले. पण उत्तर देणारं व्यासपीठावर कुणी नव्हतंच. उत्तराच्या जागी सातही ढोल एकदम गडगडले. ओळीएवढा वेळ गडगडले आणि थांबले.

'काळोख झाला घरात बाई, दिव्याचं काय झालं?'

पुन्हा गडगडाट. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की एवढे ढोल कशासाठी लागतात. तीस वर्षं ताई ती मोकळी जागा ढोलांनी भरत होत्या आणि दर काही वर्षांनी एक ढोल वाढवावा लागत होता.

मी खाली पाहिलं. बाईंनी डोळे मिटले होते आणि त्या गात होत्या. गुणगुणत नव्हत्या, मान ताठ करून, गळ्याच्या शिरा फुगवून गात होत्या. शेजारच्या वाचकाला पत्ता नव्हता. मला हातभर अंतरावर ऐकू येत नव्हतं. बावीस वर्षं उत्तरं मिळाली तर प्रश्न नव्हते. आता प्रश्न मिळाले तर उत्तरं ढोलांनी गिळली. आमचं नशीबच पत्र्याचं.

'सख्या गेल्या दूरदेशी, तू का मागं राहिली?'

ढोलांचा असा काही कडकडाट झाला, की भिंत हादरली, माझा खिळा निसटला आणि मी बाईंच्या खुर्चीशेजारी फरशीवर कोसळले. जन्मात मी केलेला तो एकमेव आवाज. पण काय आवाज होता, मित्रांनो! ढोलवाल्यांना वाटलं छप्परच खाली आलं. सातही ढोल एकदम थांबले. माणसं थिजली.

बाईंचे डोळे मिटलेलेच होते. गाण्याच्या तंद्रीत त्यांना काही कळलं नाही. त्या चिडीचूप खोलीत त्यांचा एकट्यांचा आवाज खणखणीत उठला:

'दाराला या कडी नव्हती, मीच कडी झाली.'

सगळी खोली मागे वळली. बाईंनी डोळे उघडले आणि झटकन ओठांवर बोट ठेवलं. पेंटरला जे जमलं नव्हतं, ते बाईंना अचूक जमलं. मी जमिनीवरून पाहत होते.

ताईंनी माईकवरून शेवटच्या रांगेकडे मान उंचावली. म्हणाल्या, "इतक्या हळू गातेस होय गं? इथं पुढं काही ऐकू येत नाही."

"आधी तुझे ढोल आवर," बाई म्हणाल्या, वाचनखोलीतल्या आवाजात. सात धिप्पाड माणसांनी सात जोड्या टिपऱ्या मुकाट्याने खाली ठेवल्या.

ताईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी माईक बाजूला सारून. आवाज आधीइतका पक्का नव्हता. तू का मागं राहिली? बाईंनी उत्तर दिलं. मग सगळं गाणं पहिल्यापासून झालं. प्रश्न, उत्तर. प्रश्न, उत्तर. मला उचलायचं कुणालाही सुचलं नाही, हे फार चांगलं झालं.

तीन महिन्यांनी बाई निवृत्त झाल्या आणि ताईंच्या ताफ्याबरोबर गेल्या. ऐकते की आता त्यांच्याकडे दोनच ढोल आहेत. वाचनखोलीत प्लास्टिकची नवी पाटी लागली. तिच्यावरचं बोट अगदी योग्य जागी आहे, म्हणून कुणी तिच्याकडे बघत नाही. खोली आता खरोखरच शांत असते. दुपारी खळीचा वास आला, की मी कान देते. मला आता प्रश्नही पाठ आहेत आणि उत्तरंही. म्हणणारं कुणी नाही.

तेव्हा मित्रांनो, माझी कळकळीची विनंती आहे. शांतता जरूर राखा, पण ती कुणाशी राखायची आणि किती वर्षं, याचा जरा विचार... असो. मामा सध्या मला चहाच्या टेबलावर वापरतात. कुणी येणार असाल तर एवढंच करा, ती किटली माझ्या तोंडावरून उचला. तिचं बूड फार तापलं आहे.