आपलीच गाडी

वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून सारी नोकरी काढलेल्या माणसाने विश्वास ठेवावा तरी कशावर? तराजूवर ठेवता येत नाही, कारण तराजूला कुठे काय चिकटवतात ते त्याला ठाऊक असतं. मापावर ठेवता येत नाही, कारण मापाचा तळ कसा ठोकून वर घेतात तेही त्याने पाहिलेलं असतं. उरली माणसं, तर त्यांचं नावच काढू नका. सोसायटीत या निरीक्षकांना खात्रीराव म्हणत, आणि पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर म्हणत. दूधवाला असो की डॉक्टर, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "खात्री केलीत का?"

निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅम्परव्हॅन घेतली. लोकांना वाटलं, उतारवयात हौस सुचली. हौस कसली डोंबलाची! हॉटेलांच्या चादरींवर त्यांचा विश्वास नव्हता, उशांवर तर मुळीच नव्हता, म्हणून हे चाकांवरचं बिऱ्हाड. घडीचा पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, बशीएवढं बेसिन आणि बायकोने शिवलेले निळे पडदे. गाडी अर्थात खात्रीरावच चालवत. बायकोने एकदा शिकायचा प्रयत्न केला होता. "आरसा बघितलास? खात्री केलीस? परत बघ," हे तिने चौकापर्यंत ऐकून घेतलं, चौकात गाडी उभी केली, खाली उतरली आणि चालत घरी गेली. विषय तिथेच मिटला, असं खात्रीराव समजत होते.

आता या गाडीवर एक मोठंच काम येऊन पडलं होतं. लेकीला मुलगी झाली होती, आणि लेक लग्नापासून बापाशी बोलत नव्हती. तिचंही काही चुकलं नव्हतं. खात्रीरावांनी होणाऱ्या जावयाच्या ऑफिसात जाऊन चौकशी केली, त्याच्या जुन्या घरमालकाला फोन केला, आणि एवढ्याने भागेना म्हणून एका रविवारी दिवसभर त्याच्या पाळतीवर राहिले. पोरगा या दुकानातून त्या दुकानात शिरत होता, म्हणजे नक्कीच पाणी मुरत होतं. तो सासरेबुवांसाठी भेटवस्तू शोधत होता, हे पुढे उघडकीला आलं.

आजोबा झाल्याची बातमी खात्रीरावांना बायकोकडून, भाजी निवडता निवडता कळली. ते "बरं" म्हणाले, मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. त्यांना नात बघायची होती. बाकी या जगाकडून त्यांचं आता काही मागणं नव्हतं. बेत असा होता की गाडी घेऊन थेट लेकीच्या दारात जायचं. घरात घेतलं नाही तर गाडीतच मुक्काम करायचा, खिडकीतून तरी पोर दिसेल.

आणि नेमका क्लच गेला.

गॅरेजवाला बुटका, गोल, डोक्याला रुमाल बांधलेला माणूस होता. त्याच्या छपराखाली एक गाडी जॅकवर, दुसरी बॉनेट उघडून आ वासून, आणि भिंतीवर पाने मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीने टांगलेले. ही ओळ बघून खात्रीरावांचा संशय बळावला. इतकी टापटीप कशाला लागते? तो गाडीखाली सरकला, बाहेर आला आणि काळ्या फडक्याला हात पुसत म्हणाला, "क्लचप्लेट गेलीय. बदलून देतो."

"लांब जायचंय हो," बायको म्हणाली. "मध्येच कुठे बंद नाही ना पडणार?"

"निर्धास्त राहा. आपलीच गाडी आहे."

खात्रीरावांनी मान हलवली, पण कान टवकारले. आपली? आपली म्हणजे कोणाची? या शब्दाचा त्यांना पूर्वीपासून राग होता. तो बोलणाऱ्याचाही असतो, ऐकणाऱ्याचाही असतो आणि वेळ आली की कोणाचाच नसतो. लोक म्हणतात आपलंच घर समजा, आणि तुम्ही त्यांचं कपाट उघडलं की तोंड बघण्यासारखं होतं. खुद्द खात्रीरावांनी आयुष्यभर लोकांच्या दुकानांना टाळं ठोकण्याच्या नोटिसा काढल्या आणि प्रत्येकीखाली सही केली, "आपला विश्वासू". त्यामुळे शब्दाची किंमत त्यांना बरोब्बर माहीत होती.

त्यांनी आपले उपाय केले. टायरवर खडूची खूण केली. कपाटाच्या फटीत डोक्याचा एक केस चिकटवला. साखरेच्या बरणीवर पेन्सिलने रेघ ओढली. मग ते चमचे मोजायला बसले. गॅरेजवाला दारात उभा राहून शांतपणे बघत होता.

"साहेब, चमचे घरी नेता का? पिशवी देऊ?"

बायको लाजेने अर्धी झाली. बाहेर पडल्यावर तिने त्यांच्याकडून कबूल करवून घेतलं की पुन्हा गॅरेजची पायरी चढायची नाही. चौकशी फोनवर करायची, तीही दिवसातून एकदा.

शब्द म्हणजे शब्द. खात्रीराव गॅरेजची पायरी चढले नाहीत. ते समोरच्या सलूनची चढले. तिथली दुसरी खुर्ची अशी होती की आरशात सगळं गॅरेज दिसे. पहिल्या दिवशी त्यांनी केस कापून घेतले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मागून जरा कमी करा. मग बाजू बारीक करवल्या, मग सगळंच बारीक. मालिश झालं, पुन्हा मालिश झालं.

"आता कापायला उरलंय काय?" न्हाव्याने कळवळून विचारलं.

"दाढी करा."

"सकाळीच केली की."

"मग खात्री करा, नीट झालीय का!"

घरी बायको रोज आणखी थोड्या उघड्या पडलेल्या टाळूकडे नुसती बघे. ती स्वतःही हल्ली दुपारची मैत्रिणीकडे जात होती. मैत्रिणीचा गुडघा दुखत होता म्हणे.

फोनवर मात्र रोज तेच गाणं. "पार्ट यायचाय, साहेब." "पार्ट निघालाय." "पार्ट आला होता, पण दुसऱ्याच गाडीचा निघाला." ही वाक्यं जगातल्या एकाही गॅरेजला चुकलेली नाहीत आणि एकाही गिऱ्हाइकाने त्यावर विश्वास ठेवलेला नाही. आरशात तर गाडी नुसती उभी दिसे. एकदा निळे पडदे ओढलेले होते. एकदा आतून कोणीतरी हसल्यासारखं वाटलं. खात्रीरावांचा रक्तदाब टाळूवरून मोजता आला असता.

एरवी दुपारी ते घरी झोपत; त्या दुपारी मात्र खुर्चीतच होते. तोंडाला साबण लावलेला होता, अर्धी दाढी झाली होती, आणि आरशात त्यांची गाडी हलली. गॅरेजवाला बाजूच्या सीटवर ऐटीत बसलेला. चालवणारा कोणी भलताच, डोक्याला स्कार्फ, डोळ्यांवर काळा चष्मा. चोरसुद्धा हल्ली चेहरा झाकायला शिकलेत! खात्रीराव खुर्चीतून उसळले आणि गळ्यात न्हाव्याचं कापड तसंच फडकवत रस्त्याच्या मधोमध जाऊन हात पसरून उभे राहिले.

"थांब! माझी गाडी आहे ती!"

गाडी थांबली, आणि ती धक्का न देता, अलगद थांबली. खात्रीरावांनी स्वतः ती कधी इतकी छान थांबवली नव्हती. काच खाली गेली, चष्मा वर गेला.

"अहो," बायको म्हणाली, "दाढी अर्धीच झालीय."

मागची रिक्षा भोंगा वाजवायला लागली, तेव्हा तिने गाडी वळवून परत गॅरेजात नेली. खात्रीराव कापड सावरत मागोमाग धावले.

"गाडी दुरुस्त कधी झाली?"

"केव्हाच," गॅरेजवाला म्हणाला.

"आणि तो पार्ट?"

"पार्ट वेळेवर आला साहेब. ड्रायव्हर तयार व्हायचा होता." तो थोडा ओशाळला. "खोटं बोललो, मान्य आहे. पण ताईंचा शब्द मोडवेना. गाडी ताईंची."

"ताईंची? तुम्ही म्हणालात आपलीच गाडी!"

"हो ना. आपली म्हणजे त्यांची. प्रश्न त्यांनी विचारला होता, मी त्यांनाच म्हणालो. मान मध्येच तुम्ही हलवलीत."

म्हणजे आयुष्यात जो एक संशय शंभर टक्के खरा निघाला, तो असा निघाला. पार्टचं खोटं होतं, गाडी भलत्याच माणसाच्या हातात होती, सगळं काही ते म्हणत होते तसंच होतं. खात्रीरावांना त्याचा काडीचा आनंद झाला नाही.

"चोरून शिकलीस?" ते बायकोला म्हणाले. "मला सांगता येत नव्हतं? माझ्यावर एवढाही विश्वास नाही तुझा?"

हे वाक्य आपल्याच तोंडून आलंय, हे त्यांना जरा उशिरा कळलं. गॅरेजवाल्याने छपराकडे बघितलं.

बायको खाली उतरली. तिने स्कार्फ सोडला आणि त्याची घडी घालत म्हणाली, "लेकीने मला एकटीला बोलावलंय. म्हणाली, बाबांना आणू नकोस, ते बाळाचंसुद्धा वजन करून बघतील. मी एकटी जायचं तर मला चालवता यायला हवं होतं."

"म्हणजे मला टाकून जाणार होतीस."

"ठरत नव्हतं माझं. खात्री होत नव्हती."

खात्रीराव गाडीच्या पायरीवर बसले. गालावरचा साबण वाळून ओढायला लागला होता. भांडायला मुद्दे पुष्कळ होते, पण जीव नव्हता. "मला नात बघायचीय गं," ते म्हणाले. "लांबून दाखव. मी कोणाला काही विचारणार नाही."

तिने त्यांच्याकडे बघितलं, म्हणजे मुख्यतः डोक्याकडे. ओठांच्या कोपऱ्यात एक हसू आलं आणि तिने ते परतवलं. "या अवतारात ती ओळखायचीच नाही तुम्हाला. तेवढाच फायदा. पण गाडी मी चालवणार. तुम्ही मागे बसायचं."

राहिलेली दाढी करून खात्रीराव मागे बसले. कपाटाच्या फटीतला केस तसाच होता आणि साखर रेघेला टेकलेली होती. ते बघून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी बाहेर काढताना बायकोने विचारलं, "मागे काही आहे का हो?"

त्यांनी मागच्या काचेतून नीट पाहिलं. "काही नाही. घे मागे."

ती क्षणभर थांबली. मग हँडब्रेक ओढून खाली उतरली, गाडीच्या मागे जाऊन स्वतः बघून आली आणि पुन्हा स्टिअरिंगवर बसली. मागे खरंच काही नव्हतं. खात्रीरावांना ते चांगलंच लागलं.

पुढचा सगळा रस्ता त्यांनी जीभ दाताखाली धरून काढला. लेकीच्या दारात गाडी लागली तेव्हा बायको एकटीच उतरली. पडद्याच्या फटीतून त्यांना लेक दिसली. वाळली होती, दमलेली होती, आणि तिच्या खांद्यावर एक दुपटं होतं. त्या दुपट्यात नात होती. लेकीने आईला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावरून गाडीकडे बघितलं.

"आई, पडदा हलला. आत कोण आहे?"

"कोणी नाही," बायको म्हणाली. "आपलेच आहेत."

आपले म्हणजे कोणाचे, हे या वेळी खात्रीरावांच्या मनात आलं नाही. ते गुडघे जुळवून घडीच्या पलंगावर बसून राहिले. मग दार सरकलं. लेक पायरीवर उभी राहून त्यांच्याकडे बघत होती.

"केसांना काय झालं, बाबा?"

लग्नानंतरचा हा पहिला शब्द होता. "न्हाव्याकडे बसलो होतो," ते म्हणाले.

ती आत आली, शेजारी बसली आणि दुपटं त्यांच्या हातांवर ठेवलं. "मान सांभाळा."

खात्रीरावांच्या हातांनी सवयीने वजन घेतलं. आकडा थेट जिभेपर्यंत आला आणि तो त्यांनी गिळला. पोरीने एक डोळा उघडून नव्या माणसाची पाहणी केली आणि पुन्हा मिटला.

दुपट्याखाली लेकीचे दोन्ही हात तसेच होते. तिने ते काढले नव्हते. खात्रीरावांना ते आपल्या हातांवर लागत होते. नुसते बसून राहिले, श्वास धरून, पोरीची मान सांभाळत.

पुष्कळ वेळाने लेकीने एक हात काढून घेतला.