फुंकरीवर चालणारा जनरेटर

भरदुपारी मागच्या अंगणात तीस-चाळीस माणसं जमली होती आणि सगळ्यांच्या नजरा एका लाल जनरेटरवर खिळल्या होत्या. कुंपणापलीकडे आणखी दहा-बारा जण टाचा उंचावून उभे होते. जनरेटर बंद पडला होता. त्याच्यासमोर फुंकरबाबा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते, आणि पुढच्या रांगेतल्या बायका नुसतं बघून बघून स्वतःही ओठ हलवायला लागल्या होत्या. कुणीतरी श्रद्धेने पेटती मेणबत्ती घेऊन पुढे आलं, तर बाबांनी डोळे न उघडताच ती लांब भिंतीपाशी ठेवायला सांगितली.

मग बाबांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण धरलं आणि हळूच फिरवलं. 'फुस्स' असा आवाज आला, अगदी मागच्या माणसालाही ऐकू जाईल असा. बाबांनी टाकीच्या तोंडावर एक लांबलचक फुंकर मारली, झाकण घट्ट लावलं, त्यावरून अंगठा फिरवला आणि दोरीला एकच हिसका दिला. जनरेटर धडधडायला लागला.

"ऐकलंत ना? गेलं ते बाहेर," बाबा म्हणाले.

गर्दीने ऐकलं होतं. एका गृहस्थांनी भारावून जाऊन सायलेन्सरलाच हात लावला आणि बोटं भाजून घेतली. शेजारच्याने त्यांना समजावलं की हे तेज आहे, पहिल्या दिवशी सगळ्यांनाच सोसत नाही. गृहस्थांनी भाजलेली बोटं कपाळाला लावली.

सगळ्यात मागे, भिंतीला पाठ टेकून, जनरेटर दुरुस्त करणारा मिस्त्री उभा होता. हत्यारांची पेटी पायाशी होती. या घरच्या सुनेने सकाळी फोन करून त्याला बोलावलं होतं. तीस वर्षं हाच धंदा करत असल्यामुळे मिस्त्रीला आधी कुणी बोलावत नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. आधी शेजारी ठोकून बघतो, मग मेहुणा उघडून बघतो, मग बाबा येतो, आणि सगळ्यांचं करून झालं की मिस्त्री. तोवर निम्मे स्क्रू हरवलेले असतात. त्याची कंबर सकाळपासून धरली होती, आणखी दोन घरी जायचं होतं, आणि इथे तर यंत्र चालूच होतं. निघावं, असं त्याच्या मनात येत होतं.

पण हा जनरेटर कुणी टीव्ही बघायला घेतलेला नव्हता. मागच्या खोलीत सुनेचे सासरे पडून होते. त्यांची फुप्फुसं निकामी होत आली होती. नाकात नळी, नळी हवेतून प्राणवायू वेगळा करणाऱ्या यंत्राला, आणि यंत्र विजेवर. वीज गेली की जनरेटर लावायचा, म्हणून दोन महिन्यांपूर्वी तो आणला. तेव्हा वीज पाच-सात मिनिटं जायची, काही कळलं नाही. चार दिवसांपूर्वी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला आणि दिवसदिवस वीज गायब झाली. तेव्हा समजलं की जनरेटर थोडा वेळ चालतो आणि हुंदके देत बंद पडतो. अडीअडचणीसाठी प्राणवायूचा एक लहान सिलिंडर होता, त्याचा काटा तळाला आला होता. नवा सिलिंडर उद्या मिळणार होता. मुलगा कामासाठी परगावी, फोनवरून नुसता काळजी करत होता. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सासूबाईंना फुंकरबाबांचं नाव सांगितलं, आणि बाबा आले ते रोजच येत राहिले.

आता बाबांनी गर्दीकडे तोंड केलं. ते बाहेर पडतं आणि पुन्हा आत शिरतं, ते म्हणाले, कारण त्याचं मूळ यंत्रात नाहीच. मूळ आजाऱ्याच्या खोलीत आहे. त्यांचा श्वास एका यंत्रात अडकला आहे आणि त्याची ओढ दुसऱ्या यंत्राला लागते. बाबांचा आवाज मऊ झाला.

"आज सोक्षमोक्ष लावू. तासभर ती नळी काढून ठेवायची. मी उशाशी बसतो. अडकलेलं मोकळं होईल, मग दोन्ही यंत्रं सुखाने चालतील."

सासूबाईंनी चार रात्री डोळ्याला डोळा लावलेला नव्हता. त्यांनी मान हलवली, बाबा म्हणतात तर तसं, असं म्हणाल्या. सून भिंतीजवळ उभी होती. तिने मिस्त्रीकडे पाहिलं.

मिस्त्रीला संताप आला, आणि संतापापेक्षा जास्त थकवा आला. कुणी यंत्रावर फुंकर मारली तर त्याचं काय जात होतं? तो असल्या गोष्टी बघून न बघितल्यासारखं करायला शिकला होता. पण नळी काढायची म्हणजे माणूस मारायचा. त्याने पेटी उचलली आणि सुनेपाशी जाऊन हळूच विचारलं, की जनरेटर नक्की किती वेळ चालतो.

सुनेने सासऱ्यांच्या औषधांच्या वेळांची वही आणली. त्यात मागच्या पानावर तिने जनरेटरच्याही वेळा लिहिल्या होत्या. टाकी काठोकाठ भरली तेव्हा बारा मिनिटं. अर्धी होती तेव्हा पंचवीस. तळाशी होती तेव्हा चाळीस. हेच तर विचित्र आहे, ती म्हणाली, पेट्रोल जास्त घातलं की लवकर बंद पडतो. बाबांना विचारलं तर म्हणाले, पोट भरलं की ते झोपतं.

मिस्त्रीने ते तीन आकडे दोनदा वाचले. त्याचं निदान तिथेच झालं.

"ताई, हे आधी कुणाला दाखवलंत का?"

"आईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, असल्या गोष्टींचा हिशेब ठेवू नये."

तो पुढे गेला आणि म्हणाला की नळीचं नंतर बघू, आधी मला यंत्र बघू द्या. बाबा हसून म्हणाले की यंत्र तर चालू आहे. मिस्त्री म्हणाला, थांबू की मग बंद पडेपर्यंत. घाई कुणाला आहे? गर्दीला हे पटलं, कारण गर्दीला अजून काहीतरी बघायचंच होतं.

बाविसाव्या मिनिटाला इंजिनाचा आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. "रडतंय बघा," एक बाई म्हणाली. मग ते थांबलं. आत प्राणवायूच्या यंत्राची शिट्टी वाजायला लागली आणि सून लहान सिलिंडर जोडायला धावली. बाबा पुढे सरसावले, पण मिस्त्री आधीच टाकीजवळ बसला होता. त्याने सासूबाईंना बोलावलं.

"मावशी, झाकण तुम्ही उघडा. तुमच्या घरचं यंत्र आहे."

बाबा म्हणाले की भलत्या हाताने उघडलं तर कोप होईल. मिस्त्रीने वर न बघताच सांगितलं की कोप झाला तर माझ्यावर होऊ दे, तसाही आज दिवस वाईटच आहे. त्याने खिशातल्या पातळ कागदाची एक पट्टी फाडून झाकणाच्या अगदी कडेला धरली. बाहेर काही पडत असेल तर हा कागद बाहेर उडेल, तो म्हणाला. सगळ्यांनी कागदाकडे बघा, माझ्याकडे नको.

सासूबाईंनी झाकण फिरवलं. फुस्स झालं. कागद बाहेर उडाला नाही. तो सर्रकन आत ओढला गेला आणि टाकीच्या तोंडाला चिकटला.

"बाहेर काहीच पडत नाही," मिस्त्री म्हणाला. "आत हवा जाते."

त्याने झाकण उलटसुलट करून दाखवलं. झाकणाला सुईएवढं भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी त्या भोकातून हवा आत यावी लागते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडून तेल ओतलं की धार अडते, हे घरोघरी ठाऊक आहे, तो म्हणाला, दुसरं भोक पाडलं की वाहते. इथे दुसरं भोक बुजलेलं आहे. टाकी भरलेली असली की आत हवेला जागाच थोडी, म्हणून लवकर अडतं. झाकण उघडलं की हवा शिरते आणि पुन्हा चालू होतं. बाबांनी फुंकर मारली काय आणि शेजारणीने जांभई दिली काय, सारखंच.

त्या भोकावर पारदर्शक चिकटपट्टी होती. इतकी नीट लावलेली की दिसतच नव्हती. या घरात टीव्हीच्या रिमोटला पिशवी होती, खुर्च्यांवर दुकानातलं प्लास्टिक होतं, फ्रिजच्या मुठीलाही रुमाल बांधलेला होता.

"पट्टी कुणी लावली ते राहू द्या," मिस्त्री म्हणाला. "पण बाबा, झाकण लावल्यावर तिच्या कडा तुम्ही अंगठ्याने दाबत होता. मी बघितलं. मेणबत्तीही दहा पावलं लांब ठेवायला लावलीत. भूत हाकलणाऱ्याला पेट्रोलची इतकी माहिती बरी आहे."

बाबा म्हणाले की शंकेखोराला देव दिसत नाही. मग त्यांना दुसरीकडे जायचं असल्याची आठवण झाली. कुणी अडवलं नाही, एकदोघे तर त्यांना दारापर्यंत सोडायला गेले.

मिस्त्रीने पट्टी सोलून काढली, जनरेटर खिडकीपासून धूर आत जाणार नाही इतका लांब ओढला आणि दोरी सासूबाईंच्या हातात दिली. तिसऱ्या हिसक्याला तो सुरू झाला. बारा मिनिटं झाली, पंचवीस झाली, चाळीस झाली. जसजसा वेळ गेला तसतशी गर्दी पांगत गेली. चालत राहणाऱ्या यंत्राकडे किती वेळ बघणार? तासाभराने अंगणात पाच-सहा जण उरले होते. त्यांतले भाजलेल्या बोटांचे गृहस्थ म्हणाले की मिस्त्री, तुमच्या हाताला गुण आहे हो.

"माझ्या हाताला ग्रीस आहे," मिस्त्री वैतागून म्हणाला. "मी नसतानाही हे चालेल, म्हणून ते खरं. कुणी चमत्कार दाखवला तर तो माणूस बाजूला करून बघा, तरी होतो का. कधी होतो, कधी होत नाही, ते लिहून ठेवा. त्याला शिक्षण लागत नाही. लाज सोडून विचारावं लागतं, एवढंच."

गृहस्थांनी आपल्या बोटांकडे बघितलं आणि ते माठातलं गार पाणी मागायला आत गेले.

मिस्त्री हत्यारं पेटीत भरत असताना सासूबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं की पट्टी त्यांनीच लावली होती. पेट्रोलच्या वासाने ह्यांना ठसका लागायचा, वास त्या भोकातून येतो असं वाटलं. त्यांना वाटलं होतं, बरंच होईल. मग सगळा वेळ मनात होतं ते बोलल्या.

"नळी काढायला मी हो म्हटलं होतं. तुम्ही मध्ये पडला नसता तर?"

त्यांना बरं वाटेल असं काहीतरी सांगावं, असं मिस्त्रीला वाटलं. पण आज दिवसभर या अंगणात बरं वाटेल असंच बोललं गेलं होतं.

"तर ते गेले असते, मावशी," तो म्हणाला. "आणि मोकळे झाले, असं सगळ्यांनी तुम्हाला सांगितलं असतं. तुम्हाला ते पटलंही असतं."

आतून म्हाताऱ्याने खोकत विचारलं की बाहेर एवढा वेळ काय चाललंय. सासूबाई आत गेल्या, पलंगाच्या कडेला बसल्या, नळी नाकात नीट आहे ना ते बघितलं आणि नवऱ्याला पहिल्यापासून सगळं खरं सांगायला लागल्या.