आत्याबाईचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुने डिझेल इंजिन आहे, क्रमांक ४१७. संग्रहालयाच्या आवारात, तिकीटघराच्या डाव्या हाताला उभा असतो. माझ्या कपाळावर ठळक पिवळ्या अक्षरांत 'आत्याबाई' असे लिहिले आहे. तुम्ही येता, खालचे बटण दाबता, माझा भोंगा वाजतो आणि तुम्ही टाळ्या पिटत ओरडता, "आत्याबाई आली!" आज एकदाचे खरे सांगून टाकतो. ते नाव मुळात माझे नाही.

कारखान्यात मी आणि ४२२ एकाच महिन्यात तयार झालो. आमचा आराखडा एक, रंग एक, ताकदही एकच. मी तेवढा पाच क्रमांकांनी मोठा. आम्हा दोघांना एकाच शेडमध्ये पाठवले. पहिल्याच वर्षी आमच्या शेडमधल्या फिटरकाकांच्या हातून माझा भोंगा शिडीवरून खाली पडला आणि त्याचे तोंड चेपले. काकांनी तो फळीवर ठेवून लाकडी हातोडीने ठोकून ठोकून सरळ केला. तेव्हापासून तो खालच्या सुरात सुरू व्हायचा आणि शेवटी एकदम वर चढायचा. दाराबाहेरूनच कोणी "अगंऽ, आहात का घरात?" अशी हाक मारावी, तसा.

"बिघडला म्हणावं, तर गोड वाजतोय. राहू दे असाच," काका म्हणाले.

वळणाजवळच्या पादचारी पुलावर दर रविवारी काही इंजिनवेडी मंडळी जमत. गळ्यात कॅमेरा, पिशवीत चहाचा थर्मास. काळा धूर ओकणाऱ्या एका इंजिनाला त्यांनी 'चूल' म्हटले होते. सुरू होताना दोनदा आचके देणारे ते 'उचकी'. पण नाव असे उठसूट मिळत नसे. इंजिन वळणाआड असतानाच तिघांनी डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून ते ओळखायचे, मगच त्यांच्यातल्या भूगोलाच्या निवृत्त बाई क्रमांक बघून आपल्या वहीत त्याचे नाव लिहीत. बाईंच्या वहीत नाही, त्याला नाव नाही.

मला दोघांनी ओळखले होते. आता फक्त एकजण हवा होता. मी रविवारची वाट बघू लागलो आणि नेमकी तेव्हाच माझी झिजलेली चाके कातून सारखी करायला काढली. महिनाभर शेडमध्ये उभे राहणे आले. त्याच आठवड्यात ४२२च्या भोंग्याला तडा गेला.

"४१७चा काढून लावा. ते काय, उभंच आहे," फोरमन म्हणाले.

"साहेब, पण परत बसवायचा बरं का," फिटरकाका म्हणाले.

"हो, हो."

मित्रांनो, ते 'हो, हो' बावीस वर्षे चालले. मला भांडारातला नवा भोंगा मिळाला. तो घसा खाकरल्यासारखा वाजे. आणि तिकडे त्याच रविवारी ४२२ वळणावर आले. तिसऱ्याने डोळे मिटले आणि तो हसत सुटला.

"ही तर आमची आत्याबाई! घरात पाऊल टाकायच्या आधीच हाका मारत येते!"

आधीचे दोघेही म्हणाले, "हाच तो आवाज!" बाईंनी वहीत लिहिले, 'आत्याबाई, क्रमांक ४२२.' झाले. आवाज माझा आणि नाव तिचे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग तिचे लाड विचारू नका. लोक फोटो काढतात म्हणून तिला दर आठवड्याला धुवत. माझ्या काचांवर बोटाने नाव लिहावे इतकी धूळ बसे. ती चढावर घसरली, की मला गार वाटे. तिची बॅटरी उतरली, की माझा दिवस चांगला जाई. एकदा ऐन चढावर, भरल्या प्रवासी गाडीसकट मीच बंद पडलो. मला ओढायला कोण यावे? तीच! वळणाआडून माझ्याच भोंग्याची हाक देत आली. पुलावरची मंडळी ओरडली, "आत्याबाई भाच्याला घ्यायला आली!" मी तिच्यापेक्षा पाच क्रमांकांनी मोठा, आणि म्हणे भाचा! ती मला चढ संपेपर्यंत ओढत होती आणि मी मनात तिला शिव्या घालत होतो.

पुढे विजेची इंजिने आली आणि आम्ही दोघेही निकामी ठरलो. संग्रहालयात रूळ एकाच इंजिनापुरता होता. दुसऱ्याच्या नशिबी भंगार. कोणाला ठेवायचे, हे कोणी विचारलेसुद्धा नाही. नाव असताना क्रमांकाला कोण विचारतो? माझा आवाज राहणार आणि मी मात्र कापला जाणार, या विचाराने मी आतून खदखदत होतो.

संग्रहालयातर्फे बाई ४२२ला न्यायला शेडमध्ये आल्या, त्या दिवशी फिटरकाकाही आले. ते निवृत्त झाले होते, तरी पान्यांची पिशवी खांद्याला होतीच.

"बाई, माझ्याकडून एक गोष्ट राहून गेलीय," ते म्हणाले. "हा भोंगा हिचा नाही. त्या ४१७चा आहे."

"काहीतरीच काय! बावीस वर्षं ऐकतेय मी हिला."

"मग डोळे मिटा आणि परत ऐका."

काकांनी आमच्या भोंग्यांची अदलाबदल केली. आम्हा दोघांना सुरू केले. आधी ४२२ खाकरली. बाईंच्या कपाळाला आठी पडली. मग मी हाक दिली. डोळे मिटलेल्या बाईंचा हात आपोआप माझ्याकडे वळला. "आत्याबाई," त्या म्हणाल्या.

नियम त्यांचाच होता. त्यांनी वही उघडली. मग त्यांनी ४२२ खोडले आणि ४१७ लिहिले. माझा आनंद गगनात मावेना. शेजारी कोण उभे आहे, हे मी वळूनही पाहिले नाही.

मला धुतले, रंगवले, आतले तेल काढले. आता मला संग्रहालयापर्यंत ढकलायला चालते इंजिन हवे होते. चालते इंजिन एकच उरले होते, ४२२. ती मागून मला लावली गेली आणि सावकाश, एकही धक्का न देता, तिने मला फाटकापाशी आणले. फाटकात भोंगा वाजवावाच लागतो. तिने वाजवला.

"हे खोकणारं इंजिन कुठलं?" गर्दीतून कोणीतरी विचारले आणि सगळे हसले.

तिचे शेकडो फोटो काढणारी तीच माणसे होती. एकानेही तिला ओळखले नाही. मी ओळखले होते, पण तिला हाक द्यावी, तर माझा भोंगा वाजवणारा हात माझा नव्हता. मला जागेवर सोडून ती मागे मागे गेली. चार दिवसांनी तिला कापले.

माझ्यासमोरच्या फलकावर लिहिले आहे, 'चढावर अडलेल्या अनेक गाड्यांना या इंजिनाने मदत केली.' ते काम तिचे आहे. मी तर अडलेल्यांपैकी एक होतो.

फिटरकाकांनी भंगारातून तिची क्रमांकाची पितळी पाटी आणली आणि माझ्या केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या खुर्चीमागे खाली बसवली. ते दर महिन्याला यायचे आणि माझ्याकडे बघायच्या आधी ती पाटी पुसायचे. खोटे कशाला बोलू, तेव्हाही माझ्या पोटात दुखायचे. पण आता त्यांच्या गुडघ्यांना शिडी झेपत नाही. तीन महिने झाले, पाटीवर धूळ साचते आहे आणि मला ती बघवत नाही.

म्हणून, मित्रांनो, पुढच्या वेळी बटण दाबण्याआधी शिडी चढून आत या. दाराच्या कडीला फडके अडकवलेले आहे. खाली वाका आणि ४२२ची पाटी पुसा. मग वेळ उरला तर माझी पुसा. नाही उरला, तर... नाही, माझीही पुसाच. पण आधी तिची.