खिडकीजवळची जागा

भाऊजींनी ‘तात्पुरतं’ हा शब्द पहिल्यांदा काढला, तेव्हा तिच्या धाकटीला दातही आले नव्हते. आता पोर आपल्या वेण्या आपण घालत होती, आणि शिलाई मशीन अजून जिन्याखालीच होतं.

खिडकीजवळची जागा तिची. तिथे बसून तिने अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले. मग दिराने विम्याचं काम घरून सुरू केलं आणि तिथे टेबल मांडलं. ऑफिस मिळेपर्यंत, वहिनी, तात्पुरतं. सासूबाईंनी मान डोलावली, नवऱ्याने वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. जिन्याखाली दिवा लावूनही काळ्या कापडावर काळा दोरा दिसेना. उसवून उसवून डोळ्यांना पाणी यायचं, तर घरचे म्हणायचे, चष्मा घे.

काल सुतार येऊन खिडकीशी भिंतीतल्या कपाटाचं माप घेऊन गेला. तात्पुरतं म्हणजे कधीपर्यंत, तिने विचारलं. भाऊजी हसले. म्हणे, जगात कायमचं काय असतं? आपण सगळेच चार दिवसांचे पाहुणे.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुणा खिडकीशी आणि घरची बाई जिन्याखाली!

भाऊजींचा समारंभाचा काळा कोट तिच्याकडेच शिवायला होता. पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घालायचे, अंगाला बसतो का बघायचं, मशीन मारायचं आणि पांढरा दोरा ओढून टाकायचा, ही तिची पद्धत. तिच्या हातच्या कपड्यात कच्चा टाका कधी कुणाला सापडला नव्हता. तिने कोट कच्च्या टाक्यांवरच इस्त्री करून टांगला.

सकाळी भाऊजींनी तो घातला आणि आरशात बघतच राहिले.

“वहिनी, हे काय?”

“तात्पुरता शिवलाय. हात वर करू नका, बाही गळून पडेल.”

सासूबाई कळवळल्या, त्याला चारचौघांत जायचंय गं.

“जाऊ देत की. पक्की शिलाई हवी तर मला उजेड लागेल.”

सुतार फळ्या घेऊन दारातच उभा होता. नवऱ्याने वर्तमानपत्राची घडी केली, उठला आणि टेबलाचं एक टोक धरलं. भाऊजींना हात उचलायची सोय नव्हती, म्हणून दुसरं टोक सुताराने धरलं. कुठे ठेवायचं, त्याने विचारलं.

“जिन्याखाली,” ती म्हणाली.

मशीन खिडकीशी आलं. भाऊजींनी उतरवलेला कोट तिने सुईखाली घेतला आणि पायडल दाबलं, इतक्या जोरात की सुई मोडली. तिने खिडकीच्या उजेडात दुसरी सुई लावली.