राणीचा गाल

पौषातली सकाळ कर्ली नदीच्या काठाने हलक्या पावलांनी वर येत होती. दुधाळ धुकं माडांच्या झावळ्यांत अडकलं होतं. आंब्याच्या कलमांवर तांबूस-पिवळा मोहर ओथंबून आला होता, आणि त्याचा कडवट-गोड दरवळ उतारावरच्या लांबट, कौलारू, शुभ्र वास्तूच्या उघड्या खिडक्यांतून आत झिरपत होता.

त्या वास्तूत म्हातारी माणसं राहत. ज्यांचे पाय थांबले, ज्यांचे हात विसरले, ज्यांच्या घरांना कुलपं लागली, अशी बारा माणसं. आणि त्या बाराही जणांची सकाळ जिच्या ओंजळीतून उगवे, ती शेवंती गावडे.

शेवंती चाळिशीची. ठेंगणी, सावळी, मितभाषिणी. नऊ वर्षं ती इथे म्हाताऱ्यांची तोंडं धूत होती, अंगं पुसत होती, नखं कापत होती, केस विंचरत होती. तिच्या हातांना घाई ठाऊक नव्हती. कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं ती आधी स्वतःच्या मनगटावर ठेवून पाही. मग सांगे, आता मान पुसते, आता पाठ. सांगितल्याशिवाय ती कुणाला स्पर्श करत नसे. जणू प्रत्येक जर्जर देह हे एक घर होतं, आणि ती उंबऱ्याशी थांबून आत येऊ का विचारत होती.

आश्विनात त्या वास्तूत वासू पेंडुरकर आला.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा वासू एके काळी दशावतारी नाटक कंपनीतला स्त्रीपार्टी होता, स्त्रीभूमिका करणारा नट. चाळीस वर्षं तो राणी झाला, राजकन्या झाला, शापदग्ध अप्सरा झाला. रंग लावायच्या आधी तो पेटाऱ्यावर बसून स्वतःची दाढी स्वतः करी, एकदा सुलट आणि एकदा उलट, गाल केळीच्या गाभ्यासारखा नितळ होईपर्यंत. त्या गालावर लाली चढली की गावोगावच्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत आणि म्हणत, आमच्यापेक्षा देखणी आहे गं.

मग श्रावणात एका पहाटे पक्षाघात झाला. उजवं अंग निजलं. उजवा हात निजला. आणि तो गाल, तो रूपगर्वित गाल, उजवीकडे ओघळला. ओठाचा कोपरा खाली लोंबला. शब्द फाटके फाटके होऊन बाहेर येऊ लागले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. पुतण्याने त्याला इथे आणून सोडलं.

शेवंतीने न्हाऊ घातलं, वासूने घालू दिलं. तिने नखं कापली, त्याने कापू दिली. पण दाढीला हात लावू दिला नाही. वस्तरा दिसला की तो डावा हात तोंडावर आडवा धरी. आठवड्यांमागून आठवडे गेले. दाढी वाढली, पांढरी, दाट, विस्कटलेली. ती दाढी नव्हतीच. वाकड्या झालेल्या मुखावर त्याने स्वतः ओढून घेतलेला तो पडदा होता.

पौषातल्या एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या.

सोमवारी डॉक्टर आले. ओठाच्या लोंबत्या कोपऱ्यातून सतत लाळ गळत होती. त्या ओलीने दाढीखालची कातडी भिजून सोलवटली होती, लालभडक झाली होती, पाझरू लागली होती. डॉक्टरांनी सांगितलं की दाढी दोन दिवसांत काढायलाच हवी. मलम कातडीला लागलं नाही तर जखम खोल जाईल.

आणि त्याच दुपारी फोन आला, वेंगुर्ल्याहून रामा कोचरेकरचा. रामा म्हणजे कंपनीतला राजा. बत्तीस वर्षं वासू राणी होता तेव्हा बत्तीस वर्षं रामा तिचा राजा होता. वासूला बघायला गुरुवारी येतो, असा त्याचा निरोप होता.

शेवंतीने निरोप सांगितला. वासूने मान भिंतीकडे वळवली.

"नको," तो अडखळत म्हणाला. "माका कोणी बघूक नको."

व्यवस्थापक म्हणाले, दोघांनी धरू आणि मशीन फिरवू, पाच मिनिटांचं काम. माणूस वाईट नव्हता. बारा म्हातारे आणि तीन कामकरी, त्याचंही गणित त्याच्या डोक्यावर बसलेलं होतं. पण शेवंती जागची हलली नाही. धरून दाढी निघेल, ती म्हणाली, पण उद्यापासून हा माणूस मला पाणीसुद्धा लावू देणार नाही. मला दोन दिवस द्या.

मंगळवारी धुकं विरायच्या वेळी ती कढत पाण्याचं घमेलं, साबण, ब्रश आणि नवं कोरं रेझर घेऊन आली. खाटेजवळ बुटक्या स्टुलावर बसली, अशी की तिचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या खाली आले. फडकं गरम पाण्यात पिळलं. आणि नुसती थांबली.

"आबा," ती म्हणाली, "ह्या माका जमणा नाय. तुमी शिकवा."

ते खोटं नव्हतं. तिने कितीतरी दाढ्या केल्या होत्या, पण अर्धा जागा आणि अर्धा निजलेला चेहरा तिच्या हाताखालून कधी गेला नव्हता.

बाहेर एक भारद्वाज घुमत होता. उन्हाची एक सोनसळी तिरीप खाटेच्या पायथ्याशी आली, चादरीवर चढली, त्याच्या छातीवर येऊन टेकली. मग त्याचा डावा हात हळूच उठला, ब्रशला लागला, आणि त्याने खूण केली, फेस कमी आहे.

शेवंतीने आणखी फेस केला. त्याने पुन्हा मान हलवली. आणखी. तिने ब्रश घोटला, घोटला, घोटला. ढगासारखा, कापसासारखा, सावरीच्या उडत्या म्हाताऱ्यांसारखा फेस उसळून आला, तेव्हा तो डोळा मिटून हो म्हणाला.

"हात हलको," फाटक्या शब्दांत तो सांगू लागला. "पाती न्हय... मोरपीस धरलंस असा समज."

आणि शेवंतीने मोरपीस धरलं. पातं डाव्या गालावरून केसांच्या कलाने उतरलं, थांबलं, धुतलं गेलं, पुन्हा उतरलं. पांढऱ्या शेवाळाखालून एक गोरटेली, सुरकुतलेली, सुकुमार कातडी उजेडात आली. अर्धा चेहरा झाला आणि वासू थकला. त्याने हात वर केला. शेवंतीने त्याच क्षणी रेझर खाली ठेवलं.

तो सबंध दिवस वासू अर्ध्या दाढीने राहिला. व्यवस्थापकांनी विचारलं, तेव्हा शेवंती एवढंच म्हणाली की आबा थांब म्हणाले, म्हणून थांबले. आणि खाटेवर पडल्या पडल्या वासूची डावी बोटं पुन्हा पुन्हा त्या मोकळ्या गालाकडे जात होती, हळुवार, अविश्वासाने, खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाला चाचपावं तशी.

बुधवारी निजलेल्या गालाची पाळी आली.

तो गाल ओल्या वस्त्रासारखा सैल होता. पात्याखाली घडी पडे. वासूनेच उपाय सांगितला. गाल बसलेल्या नटांच्या तोंडात कंपनीचा न्हावी सुपारी ठेवायचा, मग गाल वर येई. शेवंती म्हणाली, आणि सुपारी गिळलात तर डॉक्टरांना तोंड कोण दाखवणार? तेव्हा वासू हसला. ते हसू अर्ध्याच ओठांवर उमटलं, पण आश्विनानंतरचं ते पहिलं हसू होतं.

तिने हातमोजा घातला, सांगितलं, आणि एक बोट त्याच्या ओठाआड घालून गाल आतून अलगद उचलून धरला. निर्जीव कातडी ताणली गेली, उजळली. दुसऱ्या हाताने पातं चालू लागलं. सोलवटलेल्या जागेशी आल्यावर तिने श्वास धरला. केस न् केस ओलांडत, लाली न् लाली चुकवत, धारेवरून चालावं तसं ते पातं चाललं. रक्ताचा एक थेंब आला नाही.

मग कोमट पाणी. मग मऊ फडकं, पुसणारं नव्हे, टिपणारं. मग बोटाच्या अग्राने मलम.

वासूने आरसा मागितला. त्याने बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं.

"वाकडा आसा," तो म्हणाला.

शेवंतीने नाही म्हटलं नाही. "होय," ती म्हणाली, "थोडा वाकडा आसा." आणि तिने विचारलं, भुवयांचे लांब केस कापायचे का?

त्याने विचार केला. काप म्हणाला. आणि भुवया झाल्यावर, आरसा छातीवर पालथा ठेवून म्हणाला, रामाला सांग, ये म्हणून.

गुरुवारी रामा कोचरेकर आला. उंच, वाकलेला, हातात काठी, डोक्यावर धुतलेली टोपी. तो दारात उभा राहिला. वासूने भिंतीकडे तोंड वळवलं नाही. डावा हात खाटेच्या कठड्यावर रोवून तो वळला, आणि आपला सगळा चेहरा, जागा आणि निजलेला, ताठ आणि ओघळलेला, धुतलेला आणि नितळ, त्याने उजेडाला दिला.

रामाने पाहिलं. काठी टेकत आला. पेटाऱ्यावर शेजारी बसायचे तसा खाटेच्या कडेवर बसला.

"वासू," तो म्हणाला, "आज खेळ खंयच्या गावात?"

वासूच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं, निजलेल्या डोळ्यातूनही. रामाने बोटाच्या पाठीने तो गाल स्पर्शून पाहिला आणि विचारलं, इतका गुळगुळीत कुणी केला?

"माज्या चेडवान," वासू म्हणाला. माझ्या लेकीने. पाच महिने त्याचे शब्द फाटून येत होते. हे दोन शब्द सबंध आले.

शेवंती दारात होती. चहाच्या दोन कपबशा तिच्या हातात होत्या. तिने चहा ठेवला, बाहेर आली, आणि व्हरांड्यातल्या खांबाला क्षणभर टेकून उभी राहिली.

माघात जखम भरली. वासूची दाढी आता रोज सकाळी होते, एकदा सुलट, एकदा उलट. रामा जमेल तेव्हा येतो.

पण त्या गुरुवारी अजून पुष्कळ सकाळ उरली होती. आतून दोन म्हाताऱ्यांचं अडखळतं, चढतं, विसावतं बोलणं ऐकू येत होतं. शेवंतीने पदर खोचला आणि पलीकडच्या खोलीत गेली. तिथे ऐंशी वर्षांची अनसूयाकाकू खिडकीकडे पाठ करून बसली होती. शेवंतीने सांगितलं, आता अंबाडा सोडते. आणि तिने तो सोडला. रुपेरी केस खांद्यांवरून, पाठीवरून, खुर्चीवरून खाली आले, उन्हात आले, उन्हासारखे झाले. आणि तिची फणी त्यांतून उतरू लागली, हळूहळू, हळूहळू, हळूहळू.