झोलबंदी

साहेब, चूक तुमची आहे. थंडगार केबिनमध्ये बसून तुम्ही कामगाराच्या तोंडातला शब्द काढून घेतलात, आणि स्वतः जन्मात कधी कपाटाचं टोक उचललेलं नाहीत.

तुमच्याच दुकानाचं फर्निचर घरोघरी पोचवणाऱ्या तात्याला आणि त्याच्या साडूला एकच शब्द सगळीकडे पुरायचा. चहा पाणचट, म्हणजे टपरीवाल्याने झोल केला. दोरी सैल, दोरीला झोल. भाची फोन घेऊन गच्चीवर पळते? झोल. साडू पोटदुखीचं कारण सांगून घरी लोळत पडला, तो तर झोलचा बादशहा. पण जिन्यात हाच शब्द म्हणजे डोळे. वरच्या माणसाला दिसतं; खालच्याच्या नाकासमोर नुसती फळी. तुटक ‘झोल’ म्हणजे आहेस तिथे थांब. लांबवलेला ‘झोऽऽल’ म्हणजे अलगद टेकव.

तुम्ही हुकूम काढलात. म्हणे, हा शब्द ऐकून गिऱ्हाइकाला वाटतं आपण त्याला फसवतोय. यापुढे ‘कृपया थांबावे’ म्हणायचं, नाहीतर घरी बसायचं. तात्याला एक ताकीद आधीच मिळालेली. घरी बसला तर खाणार काय? त्याने जीभ दाताखाली धरली.

दुसऱ्या दिवशी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे आरशाचं कपाट चढवायचं होतं. जिन्याच्या वळणावर तात्याने पाहिलं, आरसा कठड्याच्या टोकदार लोखंडावर चाललाय.

“कृपया थांबावे,” तो म्हणाला.

साडू ढकलतच राहिला.

“अहो, कृपया थांबावे.”

साडूने आणखी जोर लावला. दारात उभ्या बाईंना राहवेना. “अरे, झोल होतोय,” त्या म्हणाल्या.

साडू जागच्या जागी खिळला. आरसा बोटभर अंतराने वाचला. कपाटाची कड तेवढी खरवडली.

“कानात बोळे घातलेस का रे?” तात्या फिस्कारला.

“ऐकलं की. मला वाटलं, बाईंशी बोलतोयस. माझ्याशी इतकं गोड कधी बोललायस? लग्नातसुद्धा ‘सरक तिकडे’ म्हणालास.”

बाई हसून हसून पायरीवरच बसल्या. पण खरवडलेल्या कडेची बातमी तुमच्यापर्यंत पोचली आणि तुम्ही तात्याला बोलावलंत. आता नोकरी गेलीच असं धरून तो आला आणि घडलं ते सगळं त्याने सांगितलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “मग दुसरा एखादा सभ्य शब्द शोधा.”

तिथे तात्याची भीती संपली. त्याने समोरची खुर्ची ओढली आणि न विचारता बसला.

“शब्द तुम्हीच शोधा, साहेब. उद्या लोखंडी तिजोरी चढवायचीय. मी वर राहतो, खालचं टोक तुम्ही धरा. तिजोरी तुमच्या पायावर यायला लागली, की मी काय ओरडू? तेवढं आत्ता सांगा. मी बसलोय.”